डोळ्यांचा रकाना

आमच्या श्रीगोंदा तालुक्यात घरोघरी भिंतीवर जे जुने काळे-पांढरे फोटो आहेत, त्यांतले बहुतेक पिवळे पडलेत. लोक म्हणतात, जुने झाले. नुसत्या वयानं एवढं होत नाही. त्या काळचा जाड कागद फोटो पक्का करायचं रसायन, हायपो, पिऊन बसायचा. तो पुरता निघायला फोटो तासभर वाहत्या पाण्यात धुवावा लागे. आत राहिलेला हायपो पुढं वर्षानुवर्षं फोटोतल्या चांदीला खात राहतो. चांदीला गंधक लागलं की काळ्याचं तपकिरी होतं आणि तपकिरीचं पिवळं. आता जिथं उन्हाळ्यात हंड्यांची रांग लागायची, त्या पर्जन्यछायेतल्या गावात फोटोला तासभर वाहतं पाणी कोण देणार? दुरुस्तीला आलेला फोटो फारच पिवळा दिसला, की मी घरच्यांना विचारतो, बहात्तरच्या दुष्काळातला का? बऱ्याचदा 'हो' म्हणतात.

पाण्याचं हे गणित मला भाऊंनी शिकवलं. शेख महंमद महाराजांच्या समाधीकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचा स्टुडिओ होता. पुढं रंगवलेला पडदा, दोन खुर्च्या, कागदी फुलांची कुंडी, मागं डार्करूम. भाऊ पुण्याच्या एका स्टुडिओत काम शिकून आलेले. उन्हाळ्यात ते फोटो वाहत्या पाण्याऐवजी एकामागून एक घमेल्यांत टाकायचे आणि शेवटच्या घमेल्यातलं पाणी दारातल्या कण्हेरीला घालायचे. "पहिल्या घमेल्याचं घालू नको, मरंल ती," असं मला बजावून ठेवलेलं. घमेली कमी पडली तर फोटो पिवळा पडणार, हे त्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला ते तसं सांगायचेही. गिऱ्हाईक म्हणायचं, पडू द्या, तोवर आपण कुठं राहतोय.

मी भाऊंकडं गेलो तो १९८३ साली, आठवीत असताना. आमचं गाव भीमेच्या काठाला, पेडगावच्या अंगाला. बहादूरगडाच्या पडक्या तटावर शेळ्या चारणारी पोरं आम्ही. गावातली शाळा सातवीला संपली. श्रीगोंद्यात राहायला जागा मिळाली ती आत्याकडं. सख्खी आत्या नव्हे, आमच्या गावची लेक म्हणून आत्या. वडील एकदा तिला बाजारात भेटले, पोराच्या शाळेचं बोलले, आणि ती म्हणाली, "पाठवा की, माझ्या एकाच्या जागी दोन." एवढ्या बोलण्यावर मी मॅट्रिक होईपर्यंत तिच्या एका खोलीत राहिलो. ती बाजार समितीत लिंबं निवडायला जायची. आमच्याकडचं लिंबू लांबलांबच्या बाजारात जातं. त्यातलं मोठं, मध्यम, बारीक, पिवळं, हिरवं वेगळं करून गोण्या भरायच्या. दिवसभर बोटांच्या भेगांत लिंबाचा रस. संध्याकाळी त्याच बोटांनी ती भाकरी थापायची, आणि मीठ लावताना तिचा चेहरा आक्रसायचा तो मी चुलीच्या उजेडात पाहिलाय. कोरड्यास रोज असेच असं नाही, पण भाकरी मोजून वाढलेली मला आठवत नाही.

माझं अंथरूण पडायचं मामांच्या फोटोखाली. मामा म्हणजे आत्याचे यजमान. ते वारले, मगच ती बेलवंडीकडचं सासर सोडून पोराला घेऊन श्रीगोंद्यात आली. फोटोत मामा फेटा बांधून, गळ्याशी घट्ट उपरणं घेऊन बसलेले, नजर सरळ समोर. परीक्षेच्या दिवसांत दिवा मालवायला उठलो, की वाटायचं, हा माणूस आपला अभ्यास तपासतोय. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. मला धाक होता तो त्या डोळ्यांचा.

वह्या-पुस्तकांपुरते पैसे मिळावेत म्हणून संध्याकाळचं काम शोधत मी भाऊंच्या दारात उभा राहिलो. त्यांना पोरगा नको होता. नको म्हणता म्हणता त्यांनी सहज विचारलं, कुणाकडं राहतोस? मी आत्याचं नाव सांगितलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "उद्यापासून ये."

भाऊंची खरी कारागिरी कॅमेऱ्यात नव्हती, रिटचिंगच्या तिरक्या पेटीवर होती. निगेटिव्हवर सुरकुती पारदर्शक दिसते. तिथं पेन्सिलीचं शिसं भरलं, की छापल्यावर ती उजळते. त्यासाठी पेन्सिलीला पॉलिशकागदावर घासून असं टोक काढायचं, की बोटाला लागलं तर रक्त यावं. देवीचे व्रण किती बुजवायचे, किती ठेवायचे, हे त्यांचं ठरलेलं होतं. मुलगी दाखवायची असेल तर निम्मे बुजवायचे. सगळे बुजवले तर पाहुणे आल्यावर फसवल्यासारखं होतं. माझ्या दुकानात आज लग्नाच्या फोटोंवर जी गुळगुळीत कातडी चढवायला सांगतात, ती पाहून भाऊ काय म्हणाले असते, हे मला नीट माहीत आहे, पण इथं छापण्यासारखं नाही.

फोटो हातानं रंगवून हवा असेल, तर त्याची एक वेगळी वही होती. पानावर रकाने आखलेले: लुगडं, काठ, चोळी, दागिना, डोळे. गिऱ्हाइकाला बसवून भाऊ एकेक विचारत जायचे. लुगड्याच्या रकान्यात 'आंबा रंग, काठ जांभळा' असं काहीबाही असायचं. डोळ्यांच्या रकान्यात मात्र पानोपान 'काळे', 'काळे', फार तर 'तपकिरी'. मी एकदा म्हणालो, भाऊ, सगळ्यांचे काळेच असतात, विचारायचं कशाला? भाऊ म्हणाले, "विचारायचं." त्यापुढं काही नाही.

मग रंगीत फिल्म आली, नगरला लॅब निघाल्या. (नगर म्हणजे आता अहिल्यानगर, २०२४ साली नाव बदललं, तोंडात बसायला वेळ लागेल.) ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' कागदाचे डबे भाऊंकडं रिकामे पडून राहिले. हातानं रंगवायचं काम संपलं आणि वही कपाटात गेली. मी संगणक शिकून आलो, तेव्हा भाऊंनी स्टुडिओच्या रस्त्याकडचा गाळा मला दिला. भाडं किती, तर म्हणाले, "बघू." ते त्यांनी शेवटपर्यंत बघितलं नाही.

फोटोशॉप निघालं १९९० साली. पण आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांना खरा हात दिला तो २००२ च्या सातव्या आवृत्तीतल्या हीलिंग ब्रशनं. आधी क्लोन स्टॅम्प होता. तो शेजारचा तुकडा उचलून जसाच्या तसा डागावर ठेवतो, मग कड दिसते. हीलिंग ब्रश शेजारचा पोत घेतो आणि उजेड मात्र जागेवरचा ठेवतो. भाऊंना मी हे कौतुकानं दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "म्हणजे शेजारचं घेऊन फाटकं झाकायचं. गोधडीच की." आणि थोड्या वेळानं, "चेहऱ्याला शेजार नसतो रे. कपड्याला असतो, भिंतीला असतो. डोळा गेला तर शेजारून काय आणशील?"

भाऊ गेले. त्यांच्या दशक्रियेचा फ्लेक्स मीच केला. त्यांचा स्वतःचा धड फोटो एक सापडेना. आयुष्यभर ते कॅमेऱ्याच्या मागं. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा काढला. त्या छपाईतून चेहरा ओढून काढायला मला रात्र लागली.

मामांचा फोटो माझ्या टेबलावर आला तो आत्याच्या नातवाच्या हातून. तो रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. श्रीगोंद्यात त्यानं घर बांधलं आणि हॉलमध्ये आजोबा मोठे करून लावायचे होते. जुन्या घरात पावसाळ्यात भिंत पाझरून फ्रेमच्या आत पाणी गेलेलं. फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट नसली, की ओलाव्यानं फुगलेला जिलेटिनचा थर काचेला चिकटतो. मामांचा डावा गाल काचेला चिकटलेला. खालचा कोपरा कसरीनं खाल्लेला, उपरण्यावर पाण्याच्या वाटोळ्या कडा, फेट्याच्या काळ्या भागावर चांदीची निळसर झाक आणि सगळ्यावर दुष्काळाचा तो पिवळा. "काका, सोडवू का काचेपासून?" म्हणत त्यानं नख घातलंच होतं, मी हात धरला. चिकटलेला फोटो कधी ओढू नये. गाल काचेवर राहतो आणि कागद हातात येतो.

येण्याआधी त्यानं मोबाइलमधल्या एका ॲपवर प्रयोग केला होता. तो दाखवला. पंचविशीतला, मालिकेत शोभेल असा देखणा माणूस. पापण्या दाट, ओठ ओलसर. उपरण्याची हनुवटीखालची घडी ॲपनं दाढी समजून दाढीच काढलेली. हे प्रोग्राम दुसऱ्यांच्या लाखो चेहऱ्यांवर शिकलेले असतात. फोटोत जिथं काही उरलेलं नसतं, तिथं ते त्या सगळ्यांतून जमवलेलं काहीतरी भरतात. नातवाला ते आवडलं होतं. आत्याला दाखवलं का, विचारलं. म्हणाला, "दाखवलं. आजी म्हणली, पाव्हना कोण?"

काचेसकट स्कॅनरवर ठेवून उपयोग नव्हता. दुकानातला पातळ स्कॅनर काचेला टेकलेलंच नीट टिपतो, जरा वर उचललेलं पुसट करतो. म्हणून कॅमेरा वरून सरळ खाली रोखला, दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावले, प्रतिबिंब पडू नये म्हणून कॅमेऱ्यामागं काळं कापड धरलं आणि तुकड्यातुकड्यानं टिपून जोडलं. नंतर लाल, हिरवा, निळा असे चॅनेल वेगळे केले. पिवळा डाग निळ्यात काळाभोर दिसतो आणि लालमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून पाण्याच्या कडा असलेलं उपरणं लालमधून घ्यायचं. पण जिथं चित्रच पिवळं होऊन उडालंय, तिथं उलटं. तिथला उरलासुरला तपशील निळ्यातच सापडतो. मामांचा चेहरा मी निळ्यातून काढला. कपाळावरची शीर आली. नाकपुडीची कड आली. मी खूश होतो.

डोळ्यांवर आलो आणि हात थांबला.

चेहऱ्यावर फिल्मच्या दाण्याचे दोन थर दिसत होते, एक बारीक, एक जाड. म्हणजे हा फोटोचा फोटो होता: पहिली प्रत छापून, तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह केलेली. यात नवल नाही. पण डोळ्यांत दाण्याचा एकच थर होता. पापण्यांच्या आत पहिल्या फोटोतलं काहीच नव्हतं. बुबुळाच्या कडेला ब्रशाचा माग होता. नाकाची सावली डावीकडं पडलेली, म्हणजे उजेड उजवीकडून. आणि डोळ्यांतले चमकेचे ठिपके मात्र दोन्ही डावीकडं वर, घड्याळातल्या दहाच्या जागी, बारीक शेपटी असलेले. ती शेपटी मला ओळखू आली. भाऊ ब्रश जिभेवर ओला करून ठिपका ठेवायचे आणि उचलताना मनगट वळवायचे. तसाच ठिपका त्यांनी माझ्याकडून पाटीभर गिरवून घेतला होता.

मग उपरणं नीट पाहिलं. हनुवटीखाली ते इतकं घट्ट का, हे कळलं. पाठीमागच्या पांढऱ्या पडद्याखाली खरवडलेल्या जागेत बाजेच्या सुंभाची जाळी अंधूक दिसत होती. बाज उभी करून तिला टेकवून बसवलेलं. मामांचा हा फोटो ते गेल्यानंतर काढलेला होता.

हे काही एकट्या आमच्या तालुक्यातलं नाही. १९व्या शतकात युरोप-अमेरिकेतले फोटोवाले गेलेल्या माणसाचा फोटो काढून देण्याच्या जाहिराती करत. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि फोटोवर रंग चढवणारे हात राजवाड्यांपासून तालुक्यापर्यंत पोचले. श्रीगोंद्यात शिंद्यांचे वाडे आहेत. असल्या घराण्यांच्या तसबिरी पिढ्यान्‌पिढ्या निघत आल्या. कोरडवाहू शेतकऱ्याचं तसं नव्हतं. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं मानणारी पिढी ती. त्यामुळं पुष्कळांचा पहिला फोटो आणि शेवटचा फोटो एकच.

भाऊंनी मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. मी त्या फोटोखाली झोपतो हे त्यांना पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं.

आता प्रश्न माझ्यापुढं होता. ॲपला सांगितलं तर खरेखुरे वाटतील असे डोळे दोन मिनिटांत बसले असते, सावलीच्या हिशोबातही चुकले नसते. मला ते करायचं नव्हतं. मामांचे डोळे कुणाकडंच नाहीत. आहे तो भाऊंचा ब्रश. दुरुस्त करायचा तर तोच करायचा, शेपटीसकट. असं ठरवून मी काम पुरं केलं. पण वहीतल्या पाचव्या रकान्यानं स्वस्थ बसू दिलं नाही, आणि छापण्याआधी आत्याकडं गेलो.

आत्या आता पंच्याहत्तरी ओलांडून गेलीय. नव्या घराच्या ओट्यावर ती शेंगा फोडत बसली होती, शेजारी पणती. मी लॅपटॉप पुढं ठेवला आणि आडवळण न घेता विचारलं, आत्या, मामांचे डोळे कसे होते?

तिनं पडद्याकडं पाहिलं. "कळलं व्हय तुला?"

मग तिनं सांगितलं. १९७३ चा उन्हाळा. राज्यभर लोक दुष्काळी कामावर होते. त्या मे महिन्यात सरकारी हजेरीपटावर पन्नास लाखांच्या आसपास माणूस होतं. आत्या आणि मामा दोघंही खडी फोडायला जायचे. घरात मिलोच्या लाल भाकरी, पोराला सुकडी. मामांना ऊन लागलं ते कामावरच. घरी आणेपर्यंत संपलं. पोरगं तेव्हा रांगतं. दीर म्हणाला, उद्या पोरगं बाप कसा होता विचारंल. तो श्रीगोंद्याला जाऊन भाऊंना बोलवून आला. भाऊ सायकलवर यशिकाचा कॅमेरा बांधून तेवढ्या उन्हातून आले. पैसे घेतले नाहीत. तेराव्याला फ्रेम करून स्वतः घेऊन आले.

"घारं होतं डोळं," आत्या म्हणाली. "भाऊनी काळं घातलं. त्यांना कोन सांगनार? तव्हा कुनी शुद्धीवर नव्हतं."

"नंतर सांगायचं."

"इचारलं ना त्यांनी. लई वरसांनी, मार्केटात. ताई, डोळं बरोबर आलं का? मी म्हनलं, व्हय, अगदी त्यास्नीच बघावं असं." तिनं शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "काय सांगू मग? मानूस उन्हाचा सायकल हानत आल्याला."

मी म्हणालो, मग आहे तसंच ठेवतो, भाऊंचे आहेत तसे. मला वाटलं, तिला तेच हवं असेल.

"घारं कर," आत्या म्हणाली. "करता येतं ना आता?"

येतं, म्हणालो. पण घारे म्हणजे कसे? हिरवट, राखाडी, मधाळ, त्यात प्रकार आहेत. आत्यानं पणतीची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडं वळवलं. "हिचं बघ. तेच हायेत."

मी मुलीला दारात उभं करून जवळून फोटो घेतला. त्यातून फक्त रंग उचलला. आकार, पापणी, पाहण्याची दिशा भाऊंची. नुसता रंगाचा थर टाकून भागेना, कारण भाऊंचं काळं फार दाट होतं; घारा रंग त्यावर दिसतच नव्हता. ते काळं मला थोडं उतरवावं लागलं. ते करताना हात जड झाला हे खरं. पण भाऊंनी प्रश्न विचारला होता आणि उत्तर माझ्याकडं आलं होतं. चमकेचे ठिपके दहाच्या जागी तसेच ठेवले. सावलीच्या मानानं ते चूक आहेत, राहू देत. बाकी सगळा फोटो काळा-पांढराच आहे. नातवाला फेटा भगवा हवा होता. आत्या म्हणाली, फेटा दिराचा होता, त्यांच्या डोक्याला भगवा कधी नव्हता.

छापलेला फोटो मॅट कागदावर, पुठ्ठ्याची चौकट घालून, काचेपासून बोटभर लांब बसवून दिला. भिंतीतून ओल आली तरी आता चिकटणार नाही. आत्यानं पैसे किती, विचारलं. मी भाऊंचंच उत्तर दिलं, "बघू." ती म्हणाली, "त्यांचं ऐकून घेतलं, तुझं न्हाई ऐकायची," आणि कनवटीच्या नोटा काढून माझ्या खिशात कोंबल्या. एवढ्या वर्षांत तिला माझ्याकडून मी काही घ्यायला लावू शकलो नव्हतो, आणि आता द्यायलाही तीच पुढं.

मी निघालो तशी तिनं हाक मारली.

"आरं, कॅमेरा हाये ना जवळ? मंग मपला फोटू काढूनच जा. आत्ताच. डोळं उघडं हायेत तवर." पदर सारखा करून ती खुर्चीत सरळ बसली. "चष्मा ठिवू का काढू, ते सांग."